जुम्म्याच्या मुलखातला रविवार

निजामाच्या राजवटीत जालन्यातल्या कचेऱ्यांना कुलूप लागे ते शुक्रवारी. जुम्म्याची सुट्टी! रविवारी कारकून नेहमीसारखा दप्तर उघडून बसे. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस ॲक्शननंतर निजामी राजवट संपली आणि मागोमाग सुट्टीचा वारही बदलून रविवार झाला.

पूजेचा रविवार मात्र याहून कितीतरी जुना. जालना जिल्ह्यातच, घनसावंगी तालुक्यातल्या जांबला १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. वडील सूर्याजीपंत ठोसर परंपरेने सूर्योपासक, आई राणूबाई. श्रावणातल्या रविवारी घरोघरी सांगतात ती कहाणीही आदित्य-राणूबाईचीच. नावांचा हा योगायोग असेलही, पण लक्षात आल्यावर सोडवत नाही. खंडोबाचा वारही रविवारच. या रविवारांत व्रत होतं, नैवेद्य होता. काम बंद ठेवायची अट मात्र नव्हती.

रविवारी काम थांबवून सगळ्यांनी एकत्र प्रार्थनेला बसायचं, ही रीत आली साहेबाबरोबर. जालन्याची छावणी १८२७ ची. पण रविवार खरा रुजवला तो एका मराठी माणसाने. रेव्हरंड नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत पुन्हा जातीत घ्यावा की नाही, यावरून मुंबईत रण माजलं आणि त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्याच्या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. थोरला भाऊ पुढे स्कॉटिश मिशनच्या कामासाठी जालन्यात आला. निजाम सरकारकडून, दिवाण सालारजंगांच्या कारकिर्दीत, जमीन मिळवून त्याने शहराजवळ ख्रिस्ती शेतकऱ्यांची वसाहत उभारली. नाव ठेवलं बेथेल, म्हणजे हिब्रूत देवाचं घर. तिथे आलेली माणसं बरीचशी मांग समाजातली. बाराही महिने दुसऱ्याच्या हाकेला धावणाऱ्यांना आठवड्यातला एक दिवस स्वतःचा मिळणं, हे उपदेशापेक्षा मोठं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

तिकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी हाच दिवस मागत होते. सत्यशोधक लोखंड्यांनी रविवारला आधार दिला तो खंडोबाचा, असं सांगतात. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. अर्थात ब्रिटिश हद्दीतल्या त्या विजयाचं जालन्याला काय? इथे शुक्रवार ठाण मांडून होता.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२१ मध्ये सूर्याच्या वारी न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांना सुट्टी फर्मावली, तेव्हा शेतकऱ्याला वगळलं होतं: पेरणीचा मुहूर्त टळू नये म्हणून! जालन्याच्या मोसंबीवाल्याला हा कायदा समजावून सांगावा लागणार नाही. रविवार असो की जुम्मा, रात्री वीज आली की तो बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघतो.