बोअरच्या पाण्यात सल्फेट किती? जुना जालन्यात आरओ घेण्याआधी काय तपासावं

जालना शहराच्या मधून कुंडलिका नदी वाहते. एका बाजूला जुना जालना, दुसऱ्या बाजूला नवा जालना. शहराला पाणी जायकवाडीतून आणि घाणेवाडीच्या तलावातून येतं, पण नळाला ते रोज येत नाही. त्यामुळे घराघरांत बोअर आहे आणि जुन्या वाड्यांत आडही आहेत. नळाच्या पाण्याची तपासणी करणं नगरपालिकेचं, म्हणजे आता महापालिकेचं काम. खासगी बोअरच्या पाण्याची तपासणी मात्र मालकानं केली तरच होते.

हे पाणी तपासलं की रिपोर्टमध्ये फारसा चर्चेत नसलेला एक शब्द दिसतो: सल्फेट.

सल्फेट म्हणजे गंधक आणि ऑक्सिजन यांचा क्षार. त्याला रंग नसतो, वास नसतो. प्रमाण वाढलं की पाणी कडवट, मचूळ लागतं. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फेट चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर ४०० पर्यंत सूट आहे, पण तेव्हा मॅग्नेशियम ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. ही अट बहुतेक जण वाचतच नाहीत. मॅग्नेशियम आणि सल्फेट एकत्र आले की तयार होतं ते एप्सम सॉल्ट, म्हणजे औषधाच्या दुकानात जुलाबासाठी मिळणारं मीठ.

सल्फेटचा शरीरावर मुख्य परिणाम हाच, पोट सुटणं. जागतिक आरोग्य संघटनेनं सल्फेटसाठी आरोग्याच्या आधारावर मर्यादा ठरवलेली नाही. पण प्रमाण ५०० च्या वर गेलं तर आरोग्य यंत्रणेला कळवावं, असं ती सुचवते. मोठ्या माणसांना काही दिवसांत अशा पाण्याची सवय होते. म्हणूनच घरच्यांना काही होत नाही आणि पाहुण्यांचं पोट बिघडतं. खरी काळजी आहे ती पावडरच्या दुधावर असलेल्या बाळांची. त्यांच्या पोटात जाणारं जवळपास सगळं पाणी त्याच बोअरचं असतं, आणि जुलाबानं त्यांच्या अंगातलं पाणी पटकन कमी होतं.

हे येतं कुठून?

जालन्याखाली दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. राजस्थानात जिप्समचे थर आहेत, तिथे जमिनीतूनच सल्फेट पाण्यात उतरतं. बेसाल्टमध्ये गंधकाची खनिजं फारच कमी. त्यामुळे अशा खडकातल्या बोअरमध्ये सल्फेट खूप जास्त आलं, तर आधी वरून काय झिरपतंय ते पाहायला हवं. सांडपाणी, कपड्यांची पावडर, अमोनियम सल्फेट किंवा सुपर फॉस्फेटसारखी खतं, कारखान्याचं पाणी, यांपैकी काहीही असू शकतं. पाणी खडकाच्या भेगांमधून येतं, म्हणून शेजारच्या बोअरचा रिपोर्ट आपल्याला लागू होत नाही.

इथेच सल्फेटचा आकडा उपयोगी पडतो. त्याच रिपोर्टमध्ये नायट्रेट ४५ च्या वर आणि क्लोराइडही चढं असेल, तर गटार किंवा शौचालयाच्या खड्ड्याचं पाणी बोअरमध्ये पोहोचत असल्याची दाट शंका घ्यावी. मग चिंता सल्फेटची कमी आणि नायट्रेट व जंतूंची जास्त. नायट्रेटला मानकात कुठलीही सूट नाही.

विक्रेत्याचा 'प्रयोग'

आरओ विकणारे अनेकदा पाण्यात दोन सळ्यांचं यंत्र घालतात. बोअरचं पाणी क्षणात तपकिरी होतं, आरओचं तसंच राहतं. घरातले घाबरतात. पण तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. विजेमुळे सळीचं लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज दिसतो. क्षार असलेल्या कुठल्याही पाण्यात, अगदी पिण्यायोग्य पाण्यातही, हे होतं. टीडीएस मीटरही फक्त एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यात सल्फेट किती, हे तो सांगत नाही.

त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. तिथे नमुन्यात बेरियम क्लोराइड टाकतात. सल्फेट असेल तर पाणी दुधाळ होतं आणि ते किती गढूळ झालं यावरून आकडा काढतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करता येते. मोटर दहा मिनिटं चालू ठेवून, स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून नमुना भरावा. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेनंच दिलेली निर्जंतुक बाटली लागते, ती विसळायची नाही. एक तपासणी मे महिन्यात आणि एक पावसाळ्यानंतर केली तर फरक कळतो.

आकडा जास्त आला तर?

उकळून उपयोग नाही. पाण्याची वाफ होते, सल्फेट मागे राहतं, उलट थोडं घट्ट होतं. कँडल, यूव्ही, क्लोरीन यांनीही ते जात नाही. तुरटी तर स्वतःच एक सल्फेट आहे. जड पाण्यासाठी बसवतात ते सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतं, सल्फेट तसंच ठेवतं.

आरओनं ते जातं, बहुतांश जातं. पण १ लिटर पाण्यामागे साधारण २ ते ३ लिटर वाया जातं, आणि उन्हाळ्यात बोअर आटणाऱ्या वस्तीत हा हिशेब महागात पडतो. फरशी पुसायला, संडासला ते वापरता येतं. अख्ख्या घराला आरओ लावण्याची गरज नाही. अंघोळीला, कपड्यांना सल्फेटचं पाणी चालतं.

त्याआधी एक स्वस्त उपाय करून पाहण्यासारखा आहे, तो म्हणजे मिसळणं. समजा बोअरमध्ये सल्फेट ६०० आहे आणि नळाच्या पाण्यात ५०. एक हंडा बोअरचं आणि तीन हंडे नळाचं मिसळलं तर प्रमाण १८८ च्या आसपास येतं, म्हणजे मर्यादेच्या आत. जंतूंसाठी ते उकळावं लागेलच. आणि बाळाच्या दुधासाठी मिसळ नको, साठवलेलं नळाचं पाणीच उकळून वापरावं.

पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येत असेल तर तो सल्फेटचा नाही. काही जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, त्याचा तो वास. तिथे बोअर क्लोरीननं निर्जंतुक करून उपसावं लागतं.

घर बांधणाऱ्यांसाठी आणखी एक. आयएस ४५६ : २००० प्रमाणे काँक्रीट कालवायच्या पाण्यातही सल्फेटला मर्यादा आहे, एसओ३ च्या स्वरूपात लिटरमागे ४०० मिलिग्रॅम, म्हणजे सल्फेट म्हणून मोजलं तर सुमारे ४८०. नव्या बोअरच्या पाण्यावर स्लॅब टाकणार असाल, तर तोच रिपोर्ट ठेकेदारालाही दाखवा.