वही कोणाच्या हाती?

इचलकरंजीत ‘गट’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, हे कळायला मला बरेच दिवस लागले. कांड्या भरणाऱ्या, मेंडिंगला जाणाऱ्या, घरी शिलाई करणाऱ्या बायकांना मी विचारत असे, “तुम्ही गटात आहात का?” उत्तर येई, “व्हय की, तीन गटांत हाय.” मी खूश होऊन टिपून घेई. पुढे उमगले, की तिनांपैकी एकच बचत गट. बाकीचे दोन फायनान्सच्या कर्जाचे. माझी पहिली टिपणवही त्यापायी निम्मी बाद झाली.

बाहेरून पाहता दोन्हींत फरक दिसत नाही. जाजमावर दहा-बारा बायका, हातात पासबुक, मधोमध पैसे. फरक आहे तो हे पैसे कोणाचे आणि वही कोणाकडे, यात.

बचत गटात पैसे बायकांचेच असतात. समजा, बाराजणी महिन्याला शंभर रुपये टाकतात. वर्षात 14,400 रुपये होतात. त्यातून एकीला मुलीच्या फीसाठी, दुसरीला शिलाई मशीनसाठी कर्ज मिळते. महिना शेकडा दोन व्याज ऐकायला जड वाटते, पण ते गटाच्याच पेटीत पडते. कोणाला आधी द्यायचे, कोणाचा हप्ता पुढे ढकलायचा, हे बायकाच ठरवतात आणि त्यावरून भांडतातही. या भांडणांना मी फार महत्त्व देतो. चारचौघींत “तुला का आणि मला का नाही?” असे विचारणे आणि त्याचे उत्तर देणे, हे पुढारपणाचे पहिले शिक्षण. नाबार्डने 1992 साली पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला, तोही याच हिशेबाच्या भरवशावर. नियमित बचत, आपापसांत कर्ज आणि स्वच्छ वही असलेल्या गटाला बँकेने तारण न मागता कर्ज द्यावे, अशी ती कल्पना.

फायनान्सच्या गटात पैसे बाहेरून येतात. एकीने दुसरीची हमी घ्यायची, ही रीत बांगलादेशच्या ग्रामीण बँकेने जगभर पोहोचवली. तिचा गुण नाकारता येत नाही: सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या बाईला कागदपत्रांवाचून कर्ज मिळू लागले. पण कर्ज किती, व्याज किती, हप्ता कोणत्या वारी, हे सारे ठरूनच येते. वही दुचाकीवरून येणाऱ्या वसुली अधिकाऱ्याच्या पिशवीत असते. गटाची प्रमुख म्हणवणारी बाई प्रत्यक्षात शेजारणीच्या दारात हप्त्यासाठी उभी राहते. 2010 मध्ये आंध्रात या धंद्याचे संकट उभे राहिले, तेव्हा त्याच्या मुळाशी एकाच बाईवर चढलेली अनेक कर्जे होती.

विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या गावाची मिळकत मागावर चालते. माग थांबला की कांडीही थांबते. 2013 चा यंत्रमाग कामगारांचा लांबलेला संप, 2019 आणि 2021 चा पंचगंगेचा पूर – अशा वेळी घरात येणारा पैसा आटतो. बचत गट त्या महिन्यात हप्ता थांबवू शकतो, कारण नियम त्याचाच असतो. बाहेरून ठरून आलेला हप्ता जाजमावर बसून पुढे ढकलता येत नाही.

सहकार इथे नवा नाही. महिलांची सहकारी सूतगिरणीही याच गावात आहे. पण सभासद होणे वेगळे आणि हिशेब विचारणे वेगळे. म्हसवडच्या माणदेशी बँकेची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. संस्थापक सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. चेतना सिन्हा निराश झाल्या, बायका नाही. त्या लिहायला शिकू लागल्या. पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या, तेव्हा, वाचता येत नसले तरी व्याजाचा हिशेब तुमच्याइतकाच जलद करू, असे त्यांनी सांगितले. 1997 मध्ये बँक सुरू झाली.

मला इचलकरंजीत भेटलेली एक कांडीवाली सातवीपर्यंत शिकलेली. गटाची वही लिहायला कोणी तयार नव्हते, म्हणून ती तिच्या गळ्यात पडली. पहिल्या वर्षी बेरीज तीनदा चुकली. तिने ती सर्वांसमोर खोडून दुरुस्त केली. पुढे त्याच वहीच्या मागच्या पानांवर ती गल्लीत नळाला पाणी कधी आले, किती वेळ टिकले, ते लिहू लागली. गल्लीतल्या बायकांचा पाण्याचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेली, तेव्हा साहेबांनी आधी विचारले, “तुम्ही कोण?” तिने वही टेबलावर उघडून ठेवली आणि तारखा वाचायला सुरुवात केली.

परतताना मी तिला म्हटले, “ताई, आता वही दुसरीला शिकवा.” ती म्हणाली, “शिकवत्येय की. पण तिची बेरीज चुकली की मला हात लावायला देत न्हाई ती.”