सरळ धारेतून वक्र दात

आळंदीहून मरकळच्या रस्त्याला लागा, मोशीवरून भोसरीकडे वळा किंवा चाकण गाठा. गाड्यांचे सुटे भाग घडवणारी वर्कशॉप संपता संपत नाहीत. त्यांतलं सर्वांत विलक्षण मशीन मला गिअर कापणारं वाटतं. त्याचं हत्यार म्हणजे हॉब. मळसूत्री आटे, त्यांना आडव्या खाचा मारून काढलेल्या धारा, आणि या धारांच्या कडा जवळजवळ सरळ. तरीही त्यातून निघणाऱ्या गिअरचा प्रत्येक दात वक्र असतो!

हा वक्र येतो कुठून? रिळाचा दोरा ताणून धरून उलगडत गेलात, तर त्याचं टोक हवेत जी रेघ काढेल तीच दाताची कड. तिला इनव्होल्यूट म्हणतात. अठराव्या शतकात गणिती ऑयलरनं गिअरसाठी ती सुचवली. तिची खुबी अशी, की दोन गिअरमधलं अंतर किंचित चुकलं तरी वेगाचं प्रमाण बदलत नाही. आणि हॉब हा वक्र कोरतच नाही. एका आट्याचा हॉब ३० वेळा फिरला, की ३० दातांचं चाक बरोबर एकदा फिरतं. या जुळलेल्या फिरण्यात सरळ धारा एकामागून एक पोलादाला स्पर्शून जातात आणि वक्र उमटत जातो. जर्मनीच्या हेरमान फाउटरनं १८९७ साली सरळ आणि तिरक्या दोन्ही दातांसाठी असं मशीन पेटंट केलं. तत्त्व आजही तेच आहे.

मग आयटीआयमधून आलेल्या मुलाला शिकवायचं काय? बटणं लवकर समजतात. शिकायचं असतं सेटिंग, मोजमाप आणि दोषाचं मूळ शोधणं, आणि ते जुन्या सेटरच्या शेजारी उभं राहूनच येतं. गुरूजवळ राहून शिकण्याचं मोल आळंदीला सांगावं लागत नाही; जोगमहाराजांची वारकरी शिक्षण संस्था इथे १९१७ पासून आहे. कारखान्यांच्या बाजूनं पाहिलं, तर वाहनं बनवणारी टेल्को १९६६ मध्ये पिंपरी-चिंचवडला आली आणि पुण्यात बनलेलं तिचं पहिलं व्यावसायिक वाहन १९७७ मध्ये बाहेर पडलं. टेल्कोत अप्रेंटिसशिप केली, एवढं सांगणं पुढे या भागात ओळखपत्रासारखं चाललं.

मोजमापाचा पहिला धडा मला फार सुंदर वाटतो. २ मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप), ३० दातांचा गिअर घ्या. डिस्क मायक्रोमीटरच्या चकत्या चार दात कवेत घेतील अशा लावा. गणितानं येतं २१.५०५ मिलिमीटर. आता मायक्रोमीटर दातांवरून जरासा पुढेमागे झुकवा. आकडा हलत नाही! दोन्ही कडा इनव्होल्यूट असल्यानं त्यांच्यातलं ते अंतर कायम राहतं. ऑयलरचं गणित मुलाच्या बोटांना असं लागतं.

पुढे परीक्षा कठीण होते. दात टणक करण्यासाठी गिअर कार्बनच्या वातावरणात ९०० अंशांच्या वर तापवून तेलात विझवतात. पृष्ठभाग कडक होतो, गाभा चिवट राहतो, पण आकार काही मायक्रॉननी वाकडा होतो. म्हणून कापतानाच पुढच्या ग्राइंडिंगसाठी माल शिल्लक ठेवावा लागतो. किती, हे ठरवायला त्या पोलादाचा स्वभाव ठाऊक हवा. विजेवरच्या गाड्यांनी तर कसोटी आणखी वाढवली: इंजिनाचा आवाज गेला, मोटर मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेऊ लागली, आणि दातांतला बारीकसा दोषही आता शिटीसारखा ऐकू येतो.

अशा वेळी तपासणीच्या यंत्रातून आलेले आलेख शिकाऊ मुलापुढे ठेवले जातात. दाताच्या कडेचा, लांबीचा आणि दोन दातांमधल्या अंतराचा. अंतराच्या आलेखात पूर्ण फेऱ्यात एकच लाट दिसली, तर मशीनला दोष देण्याआधी तो विचार करतो, की चाक मध्यावर बसलंच नव्हतं. आणि डायल घेऊन चाक धरणाऱ्या फिक्स्चरकडे जातो.