धावणाऱ्यांचा गुडघा आणि मध्यम मार्ग

पहाटे साडेपाचच्या सुमारास शेगाव रोडने किंवा नांदुरा रोडने फिरावयास निघाले म्हणजे आपल्या वस्त्यांतील मुले-मुली धावताना दिसतात. कुणाची तयारी पोलीस भरतीची, कुणाची एस.आर.पी.ची, कुणाची सैन्याची. पाहून मन भरून येते. परंतु भरतीची जाहिरात निघून महिना-दीड महिना होत नाही तोच त्यातील काही चेहरे दिसेनासे होतात. विचारपूस केली की उत्तर ठरलेले, "काका, गुडघा धरला."

हे दुखणे साधे समजू नये. पोलीस शिपाई भरतीची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यासाठी २० गुण आहेत. चाचणीत निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेची पायरी चढता येत नाही. एस.आर.पी.साठी तर ५ किलोमीटर धावावे लागते. म्हणजे एका गुडघ्यावर एका घराची भाकरी अवलंबून असते. आमच्या भाच्याचा गुडघा असाच धरला होता. एका ठिकाणी त्याला दुखणे थांबवण्याचे इंजेक्शन मिळाले. त्या जोरावर तो आठ दिवस धावला आणि नंतर दोन महिने घरी बसला. भरती हुकली. त्यानंतर त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे व फिजिओथेरपिस्टकडे नेताना आम्ही जे ऐकले, वाचले व पाहिले, तेच येथे मांडीत आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतील कारकून आहोत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. "धावून धावून गुडघ्यातले वंगण संपते" असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. २०१७ साली अनेक संशोधनांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गुडघा व खुब्याच्या सांध्यांची झीज हौसेने धावणाऱ्यांत सुमारे साडेतीन टक्के, बैठे जीवन जगणाऱ्यांत सुमारे दहा टक्के आणि मोठ्या स्पर्धांच्या धावपटूंत सुमारे तेरा टक्के लोकांत आढळली. म्हणजे बसून राहणाऱ्यांपेक्षा बेताने धावणाऱ्यांचेच सांधे बरे दिसले.

मग दुखते का? बहुतेक तरुणांचे दुखणे गुडघ्याच्या वाटीभोवती, पुढच्या बाजूस असते. जिना उतरताना, उकिडवे बसताना किंवा बराच वेळ बसून उठताना ते जास्त जाणवते. धावताना प्रत्येक पावलाला वाटीवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दाब येतो. मांडीचे व खुब्याचे स्नायू बळकट असतील तर ते हा भार पेलतात. पण कालपर्यंत घरी बसलेला मुलगा आज एकदम पाच किलोमीटर धावू लागला, तर स्नायूंना तयार होण्यास वेळच मिळत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर खात्यात शिल्लक नसताना मोठी रक्कम काढण्यासारखेच हे आहे.

येथे विनयपिटकातील महावग्गात आलेली सोण कोळिविसाची कथा आठवते. श्रीमंत घरात वाढलेला, कोमल पायांचा सोण भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने इतके चंक्रमण केले की पाय फुटून वाट रक्ताने माखली. भगवंतांनी त्याला वीणेचा दाखला दिला. तारा अति ताणल्या तरी सूर लागत नाही, अति सैल सोडल्या तरी लागत नाही. त्याच प्रसंगी त्यांनी भिक्खुसंघाला एका तळाच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. बेताचा ताण आणि पायात वहाण, ही शिकवण आमच्या धावणाऱ्या मुलांसाठीही आहे.

प्रतिबंध असा करावा. जाहिरातीची वाट न पाहता तयारी चार-सहा महिने आधी सुरू करावी. पहिले काही आठवडे चालणे व धावणे आलटून पालटून ठेवावे. आठवड्याचे अंतर साधारण एक-दशांशानेच वाढवावे आणि एखाद्या दिवशी एकदम दुप्पट धावू नये. आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी. पावले लांब न टाकता जवळ जवळ व जलद टाकावीत, त्याने गुडघ्यावरील भार कमी होतो. आपल्याकडील काळ्या मातीचे मैदान उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे सपाट जागा पाहूनच धावावे. बूट महागच हवेत असे नाही, पण मापाचे असावेत व तळ झिजलेले नसावेत.

स्नायूंच्या बळकटीसाठी आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटे पुरेत. भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणे, उताणे झोपून पाय सरळ उचलणे, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे, उताणे झोपून गुडघे मोडून कंबर उचलणे आणि पायरीवर सावकाश चढणे-उतरणे. यास एक पैसाही लागत नाही.

दुखू लागलेच तर धावणे निम्म्यावर आणावे. दुखण्याला दहापैकी गुण द्यावेत. धावताना ते दोन-तीनच्या वर जात नसेल आणि दुसऱ्या सकाळी वाढलेले नसेल, तर थोडे धावण्यास हरकत नसते. त्याहून अधिक असेल तर काही दिवस चालणे किंवा सायकल. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावल्यास आराम पडतो. पण खरा उपचार वरील व्यायामांचाच असून त्याला सहा ते बारा आठवडे द्यावे लागतात. वेदनाशामक गोळी खाऊन धावणे मात्र कटाक्षाने टाळावे. दुखणे झाकले जाते, बरे होत नाही, आणि उन्हात घाम गाळताना अशा गोळ्यांनी मूत्रपिंडासही धोका होतो.

गुडघ्याला सूज आली, तो मध्येच अडकला, पाय टेकवेना, गुडघा लचकून दगा देऊ लागला, किंवा दुखण्यासोबत ताप आला, तर घरगुती उपाय न करता सरकारी रुग्णालय गाठावे. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभाग आहे. एका दिवसाचे जाणे-येणे आहे, ते टाळू नये.

आमचा भाचा पुढे तीन महिने हे व्यायाम करून पुन्हा धावू लागला. हुकलेली भरती परत आली नाही, पण पुढच्या भरतीची तयारी त्याने वेळेवर सुरू केली. समाजातील आई-वडिलांना आमची एवढीच विनंती की, मुलांच्या अभ्यासाकडे जसे लक्ष देता तसे त्यांच्या पायांकडेही द्या. आणि मुलांनो, तार ताणा, पण तुटेपर्यंत ताणू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!