एका रुग्णातले शंभर दिवस

‘विषाणू औषधाला सरावतो, शहाणा होतो,’ असं दवाखान्याच्या बाकावर हमखास ऐकू येतं. विषाणूला ना डोकं, ना सवय. पेशीत शिरून तो स्वतःच्या प्रती काढत सुटतो आणि त्यात चुका होतात. बहुतेक चुका त्यालाच नडतात. एखादी कामी येते. म्हणजे बदल आधीच झालेला असतो, औषध किंवा प्रतिपिंडं त्यातून फक्त निवड करतात.

अंगातला विषाणू एकच असतो, हा दुसरा समज. तो तर २०२० साली केंब्रिजच्या एका रुग्णाने पार मोडीत काढला. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ लिम्फोमा या कर्करोगाचे रुग्ण होते. उपचारांमुळे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी जवळजवळ उरल्या नव्हत्या, त्यामुळे कोविड हटेना. १०१ दिवसांत २३ वेळा विषाणूचा जनुकीय आराखडा तपासला गेला. पहिल्या ५७ दिवसांत रेमडेसिव्हिरचे दोन कोर्स झाले, तरी विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्यांच्या (स्पाइक) प्रथिनात फारसा फरक नाही. मग कोविडमधून बऱ्या झालेल्यांचा, प्रतिपिंडं असलेला प्लाझ्मा दिला, आणि दोन बदल असलेली एक जात झपाट्याने वर आली. प्लाझ्माचा असर ओसरला तशी ती मागे पडली, दुसऱ्या जाती पुढे आल्या. शेवटचा प्लाझ्मा दिल्यावर तीच पुन्हा हजर! रुग्ण वाचला नाही.

प्रयोगशाळेत कळलं ते आणखी रंजक. एका बदलाने विषाणू प्रतिपिंडांना चकवत होता, पण त्याची पेशीत शिरण्याची ताकद घटत होती; दुसरा बदल ती तूट भरून काढत होता.

म्हणून ‘प्रतिकारशक्ती जितकी कमी, तितका विषाणू बदलणार’ हे गणितही सरळ नाही. औषधाचा किंवा प्रतिपिंडांचा दबावच नसेल तर निवडही होत नाही. दबाव भरपूर असेल तर विषाणूच संपतो. घात करतो तो अर्धवट दबाव. एचआयव्हीने हे फार आधी दाखवलं होतं : झिडोवूडिन हे पहिलं औषध १९८७ मध्ये आलं आणि दोनच वर्षांत त्याला न जुमानणारे विषाणू सापडल्याची नोंद झाली. तीन औषधं एकत्र देण्यामागचा हिशेब हाच, की तिन्हींना पुरून उरणाऱ्या चुका एकाच प्रतीत जुळून येणं अवघड. गोळ्या चुकवत गेलं की तो हिशेब बिघडतो.

आता सर्वांत त्रासदायक गैरसमज : प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण म्हणजे कोविडच्या नव्या व्हेरियंटचे कारखाने. अल्फामध्ये एकदम १७ बदल दिसले, ओमायक्रॉनच्या काट्यांत तीसहून जास्त. त्यांचा उगम दीर्घ संसर्गात असावा असा अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही. उलट ॲमस्टरडॅममध्ये एका रुग्णाला ६१३ दिवस कोविड होता. पन्नासहून अधिक बदल साचले, पण ती जात दुसऱ्या कुणात पसरल्याचं आढळलं नाही. एका शरीरात टिकायला जे उपयोगी, ते दुसऱ्याकडे उडी मारायला उपयोगी पडेलच असं नाही. तरीही कर्करोगाच्या, अवयव-प्रत्यारोपणाच्या किंवा एचआयव्हीच्या रुग्णाकडे संशयाने पाहणारे निघतातच. त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका तरुणीची २०२२ मधली नोंद वाचावी. एचआयव्हीचे उपचार सुटलेले, नऊ महिने कोविड, विषाणूत वीसहून जास्त बदल. एचआयव्हीच्या गोळ्या पुन्हा नीट सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत तिच्या शरीराने कोरोना स्वतःच हटवला.