समनाभी सूक्ष्मदर्शक : पेशीत काय दिसते आणि काय सिद्ध होते

जाड ऊतीचे निरीक्षण साध्या सूक्ष्मदर्शकातून करू लागले असता एक अडचण ठरलेली असते. भिंगाची नाभी ज्या पातळीवर असेल ती पातळी स्पष्ट होते; परंतु तिच्या वरच्या व खालच्या थरांतून येणारा प्रकाशही त्याच प्रतिमेत मिसळतो आणि चित्र धूसर होते. यावरील जुना तोडगा म्हणजे ऊतीचे अतिशय पातळ छेद घेणे. परंतु कापलेली पेशी ही जिवंत पेशी नव्हे. पेशी न कापता तिचा छेद पाहता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे समनाभी सूक्ष्मदर्शक होय.

कॉन्फोकल या संज्ञेसाठी समनाभी हा पर्याय येथे योजला आहे. फोकस या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ चूल. केप्लरने १६०४ सालच्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात त्याला शास्त्रीय अर्थ दिला. आपली नाभी रथचक्राच्या मध्यावरून आली. मात्र या संज्ञेत खरा भार पूर्वपदावर आहे. येथे दोन नाभी एका बिंदूवर आणलेल्या असतात : एक नमुन्यावर प्रकाश टाकणारी आणि दुसरी नमुन्यातून परतलेला प्रकाश टिपणारी.

तिची रचना अशी. लेसरचा झोत भिंगाने नमुन्यातील एका सूक्ष्म बिंदूवर एकवटतात. तेथून परतलेला प्रकाश संवेदकाकडे जाताना एका सूचिछिद्रातून जातो. नाभीतील बिंदूपासून आलेला प्रकाश या छिद्रावर एकवटतो व पार होतो. वरच्या-खालच्या थरांतील प्रकाश तेथे पसरलेला असल्यामुळे बहुतांशी अडतो. एका वेळी एकाच बिंदूचे मापन होते. झोत ओळीमागून ओळ फिरवून अशा मापनांतून संगणक एका पातळीचे चित्र रचतो, आणि पातळ्या एकावर एक मांडून पेशीची घनाकृती सिद्ध होते.

ही कल्पना मार्व्हिन मिन्स्की यांची. मेंदूतील पेशींचे जाळे उलगडावे या हेतूने त्यांनी असे यंत्र बांधले आणि १९५७ साली एकस्वासाठी अर्ज केला. ते १९६१ साली मिळाले. त्या वेळी लेसर नव्हता आणि त्यांच्या यंत्रात झोताऐवजी नमुनाच हलविला जाई. जीवशास्त्रज्ञांना या पद्धतीचे महत्त्व पटले ते पुष्कळ उशिरा. १९८७ साली केंब्रिज येथील व्हाइट, एमॉस व फोर्डहॅम यांनी एकाच प्रकारच्या नमुन्यांची साधी व समनाभी चित्रे शेजारी ठेवून दोहोंतील अंतर दाखविले. पुढे १९९४ साली चॅल्फी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जेलीफिशमधील हिरवे प्रदीप्त प्रथिन इतर सजीवांच्या पेशींत निर्माण करून दाखविले. या प्रथिनाचे सुधारित रूप ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषून सुमारे ५१० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देते. हव्या त्या प्रथिनाला अशी खूण जोडून जिवंत पेशीतील त्याचा वावर पाहता येऊ लागला.

येथेच अभ्यासकाने सावध व्हावयास हवे. एका प्रथिनाला हिरवी व दुसऱ्याला तांबडी खूण लावली आणि चित्रात दोन्ही रंग मिळून पिवळा ठिपका आला, की 'ही प्रथिने परस्परांशी बद्ध आहेत' असे विधान सहज केले जाते. ते चित्रातून निघत नाही. प्रकाशाच्या विवर्तनामुळे या सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता आडव्या पातळीत सुमारे २०० नॅनोमीटरवर थांबते; खोलीच्या दिशेने ती याहून दुप्पट-तिप्पट स्थूल असते. प्रथिनाचा व्यास मात्र बहुधा काही नॅनोमीटर. म्हणजे एका पिवळ्या ठिपक्यात दोन प्रथिने परस्परांपासून कित्येक प्रथिनांच्या अंतरावर राहू शकतात. एका वाड्यात दोन कुटुंबे राहतात एवढ्यावरून त्यांची सोयरीक ठरत नाही. शिवाय तो पिवळा रंगही पेशीतला नव्हे. संवेदकाने फक्त प्रकाशाची तीव्रता मोजली, रंग संगणकाने संकेतानुसार भरले.

प्रथिनांची जवळीकच सिद्ध करावयाची असेल, तर एका खुणेकडून दुसरीकडे होणारे ऊर्जासंक्रमण मोजावे लागते. ते साधारणपणे १० नॅनोमीटरच्या आतच घडते. बंध सिद्ध करण्यासाठी जीवरसायनशास्त्राचा स्वतंत्र पुरावा हवा. तसेच प्रत्येक नमुन्याबरोबर केवळ एकच खूण लावलेला नमुना तपासला पाहिजे. अन्यथा एका खुणेचा प्रकाश दुसऱ्या संवेदकात झिरपला, एवढाच त्या पिवळ्या रंगाचा अर्थ असू शकेल. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : सूचिछिद्र नको असलेला प्रकाश संवेदकापासून अडविते, पेशीपासून नव्हे. झोताच्या वाटेतील सर्व थर प्रकाशित होतातच. त्यामुळे खुणा फिक्या पडतात आणि जिवंत पेशीला इजाही पोहोचते. तेव्हा झोत प्रखर करून मिळविलेले सुंदर चित्र आजारी पेशीचे असण्याचा संभव असतो.

भाषेच्या अभ्यासकाला या प्रकरणात ओळखीची गोष्ट आढळते. 'शेजारी आहे' आणि 'संबद्ध आहे' ही दोन निराळी विधाने होत, आणि प्रबंधातील चित्राखाली त्यांपैकी कोणते लिहावयाचे हे पुराव्याने ठरते. 'दोन्ही खुणा यंत्राच्या विभेदनमर्यादेत एकाच स्थानी आढळल्या' हे वाक्य रुक्ष वाटेल. परंतु तेवढेच त्या चित्राने सांगितलेले असते.