क्लचदोष, जुन्या ट्रॅक्टरातील
एंजिनाची शक्ती दंतचक्र पेटीशी जोडणाऱ्या वा तोडणाऱ्या घर्षण-युक्तीतील बिघाड. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे १९४६–५६ या काळात तयार झालेल्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरात एका कोरड्या तबकडीचा क्लच असतो. एंजिनाचा वेग वाढूनही ओढ वाढत नसेल, तर क्लच घसरत असतो. पेडल पूर्ण दाबूनही दंतचक्रे खरखरत असतील, तर तो पुरता सुटत नसतो. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरात तबकडी गंजाने प्रचक्राला चिकटते.

या ट्रॅक्टराला वेगळी चौकट नसते. एंजिन व दंतचक्र पेटी हाच त्याचा कणा असल्याने क्लचपर्यंत पोहोचण्यासाठी तो मध्येच विभागावा लागतो. म्हणून प्रथम पेडलाची मोकळी चाल (सुमारे २ सेंमी.) तपासतात. ती नाहीशी झाल्याने क्लच घसरत असेल, तर केवळ समायोजनाने दोष दूर होऊ शकतो. तबकडीवर तेल आले असल्यास गळती थांबविल्याशिवाय नवी तबकडीही टिकत नाही.

विभागताना दोन्ही भागांना स्वतंत्र भक्कम टेकू देतात व एंजिन कलू नये म्हणून पुढील आसावर दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी ठोकतात. यात हयगय झाल्यास प्राणहानी संभवते. नवी तबकडी प्रचक्राशी समकेंद्री बसविली नाही, तर दोन्ही भाग पुन्हा जुळत नाहीत.